शेवंताबाईचा घोट

२० एप्रिल १९८७, जळगाव

टपरीवाल्या भटूच्या चहाने मराठी रंगभूमीचा घात केला आहे! मी बसवतोय त्या नाटकात दारू म्हणून कोरा चहा लागतो. रोज सांगतो — दूध नको. भटू रोज दूध घालूनच पाठवतो. वर म्हणतो, "नाटकवाल्यांना कोरा चहा? लोक काय म्हणतील, भाऊ?" परिणामी माझा दारुडा नायक आठ दिवस दुधाळ दारू पिऊन उद्ध्वस्त होतो आहे.

२२ एप्रिल

आज कोरा आला. ग्लास उचलताना माझ्या नायकाचा, कौतिकचा, हात थरथरला. मी ओरडलो, "वा! हेच पाहिजे!" — गाढव मी. तो अभिनय नव्हता. एस.टी. वर्कशॉपातल्या या फिटरने दारू सोडून जेमतेम अकरा महिने झालेत. म्हणून तर भूमिका त्याला दिली. खरा वाटेल म्हणून!

कोपऱ्यात बसलेली त्याची बायको शेवंताबाई उठली. त्याच्या हातातून ग्लास घेतला, आधी स्वतः घोट घेतला. "चहा शे," तिच्या अहिराणीत म्हणाली. मग तो प्यायला.

२५ एप्रिल

रोज तेच. आधी ती, मग तो. मला राहवलं नाही — "कौतिक, पोलिसीणबाईंनी तपासल्याशिवाय घोट नाही वाटतं!" सगळे हसले. तीही हसली, तोंडाला पदर लावून.

नंतर कौतिकने मला बाजूला घेतलं. "भाऊ, तिला मीच बसवतो. ती नसली तर इथून मी कोणत्या रस्त्याने घरी जाईन, माझं मलाच माहीत नाही."



२६ एप्रिल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, शेवंताबाईला माहेरी न्यायला तिचा भाऊ मगन अमळनेरहून आला, थेट तालमीतच. "औंदा तरी चाल ना, अक्का. चार वरीस झाले. झोका बांधेल शे."

"नही रे भाऊ. याले एकला कसा सोडू?"

हळूच बोलली, तरी कौतिकने ऐकलं. पुढचा अख्खा प्रवेश विसरला. मगन एकटाच परत गेला.

२८ एप्रिल

प्रयोग झाला. शेवटी कौतिक ग्लास ओठांशी नेतो आणि न पिता खाली ठेवतो. आज ठेवला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या तीन हुकमी विनोदांना मात्र कुणी हसलं नाही — अपमान! आणि बरंही वाटलं.

विंगेत शेवंताबाई डोळे पुसत होती. आखाजीचं विचारलं तर म्हणाली, "पुढला साली."

२९ एप्रिल

सकाळीच त्यांच्या घरी गेलो. "शेवंताबाई, तुम्ही अमळनेर गाठा. कौतिक चार दिवस माझ्याकडे. वर्कशॉपात सोडायला मी, आणायलाही मी."

ती खाली बघून म्हणाली — "भाऊ, तुमना घरमा बी राहस ना बाटली? तालमीले रोज वास येस."

इतक्या वर्षांत हे माझ्या बायकोनेही तोंडावर विचारलं नव्हतं.

"होती. आत्ता निघताना मोरीत ओतून आलो."

तिने दारामागची पिशवी उचलली. भरलेलीच होती.