वीस लाखांपर्यंत मोज

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. टीम लीड होणाऱ्या माणसाची कुठेतरी नोंद हवी. साहेबांनी अजून जाहीर केलेलं नाही, पण सकाळी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून मान हलवली. शुक्रवारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई रक्त तपासायचं नवं यंत्र बघायला येणार. ते नीट चाललं की नाव जाहीर. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, मी लिहिलाय. म्हणजे झालंच.

सेन्सर मात्र आळशी. जागा केल्यावर चाळीस मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी विचारलं तर मागच्याच रक्ताचा आकडा सांगून मोकळा होतो. मी बंदोबस्त केला. प्रोग्रॅमला सांगितलं, आधी एकपासून वीस लाखांपर्यंत मोज, मग विचार. मोजायला बरोबर चाळीस लागतात. माझ्या टेबलावर दिवसभर चाललं.

४ मार्च
माझा कोड टाचणीने तपासला. माझ्याच हाताखाली शिकली, आता मलाच टोचते, म्हणून टाचणी. नाव मनातल्या मनात ठेवलंय. तिचं म्हणणं, थांबायची तयार सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. सिस्टिमला सांगायचं, चाळीस मिलिसेकंदांनी उठव, आणि प्रोग्रॅमने झोपायचं. तेवढ्यात प्रोसेसर दुसरी कामं उरकतो. आकडे मोजत बसलं की तो अडकून पडतो. शिवाय उद्या मोजण्याचा वेग बदलला तर?

मी म्हटलं, झोपलेल्याचा काय भरवसा? मोजणारा निदान जागा असतो. ती आपल्या जागेवर गेली. पटलं असावं.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, परवा दुधाजवळ उभं केलं तेव्हाही तुम्ही जागेच होता.

५ मार्च
लीड झाल्यावर करायच्या सुधारणा लिहून काढल्या. अकरा झाल्या. खिडकीजवळचं टेबल ही सुधारणा नव्हे, पण यादीत राहू दे.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी ४
घात झाला.

आधी साहेबांनी हौसेने स्वतःचं रक्त दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी दिलं. यंत्राने बाईंना साहेबांची साखर लावली. दशांशासकट. बाई म्हणाल्या, मला मधुमेह नाही. साहेब म्हणाले, मला आहे. सगळ्या ऑफिससमोर. आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

बुधवारी पुन्हा दाखवायचं ठरलं. लीडचं नावही बुधवारी.

संध्याकाळी ५:३०
तोच ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठणठणीत चालतो. यंत्रातच कसा फसला? कुणीतरी केलंय हे. संशयितांची यादी केली. टाचणी एक नंबरला. दोन नंबरला कुणी सुचत नाही.

१० मार्च, सोमवार
गुन्हेगार सापडला. कंपायलर. टाचणीनेच दाखवलं. आमचा कोड यंत्राच्या भाषेत आणतो तो. यंत्रात घालायच्या अंतिम प्रतीसाठी त्याला वेगाची सेटिंग लावलेली आहे. त्यात तो निरुपयोगी वाटेल ते काम वगळतो. वीस लाखांपर्यंत मोजायचं आणि त्या मोजण्याचं पुढे काहीच करायचं नाही, हे त्याला निरुपयोगी वाटलं. सगळंच उडवलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. वीस वर्षं मी याच्यासोबत काम करतोय.

माझ्या टेबलावरच्या चाचणी प्रतीला ही सेटिंग नाही. मग अंतिम प्रतीत ती घातली कुणी? मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो, हे मुद्दाम झालंय, चौकशी झालीच पाहिजे. टाचणी म्हणाली, "सर, आधी आपण दोघं जरा बोलू या का?" मी म्हटलं, जे काय बोलायचं ते सर्वांसमक्ष. साहेबांनी चौकशी माझ्याकडेच सोपवली. टाचणीचा चेहरा पडला. पडणारच.

११ मार्च
सेटिंगच्या फाइलचा इतिहास काढला. कुणी कधी काय बदललं, सगळं तिथे नावानिशी असतं. ती सेटिंग सहा वर्षांपूर्वी, जुन्या यंत्राच्या वेळी घातलेली. नाव माझं.

आधी वाटलं, माझा पासवर्ड चोरला. मग शेजारची टीप वाचली. 'यंत्र फार रेंगाळतं. आता कसं पळतं बघा.' अशी टीप दुसरं कुणी लिहीत नाही.

बायकोला सांगितलं. वाटलं, निदान हिने तरी बाजू घ्यावी. ती म्हणाली, अहो, मग उद्या सांगून टाका ना, त्यात काय? हिला ऑफिस कळत नाही. तरी सांगणार. स्पष्ट, दोन वाक्यांत. आरशासमोर म्हणून पाहिली. सात झाली.

१२ मार्च, बुधवार
यंत्र चाललं. टाचणीने माझं मोजणं काढून एका ओळीत झोप घातली होती. बाईंची साखर बाईंना, साहेबांची साहेबांना.

नंतर साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, चौकशीत काय निघालं? मी घसा साफ केला. पुन्हा केला. तेवढ्यात टाचणी म्हणाली, "सेटिंग जुनीच आहे, साहेब. घातली तेव्हा बरोबरच होती." नाव घेतलं नाही. म्हणजे हिला सोमवारीच माहीत होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला, मग लीडचं नाव सांगितलं.

तिचं.

मी तरी ते पद घेणार नव्हतोच. जबाबदारी फार.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या टेबलाशी गेलो. अभिनंदन करायचं होतं. दुसरंही एक सांगायचं होतं. तिने वर पाहिलं. "काही हवं होतं का, सर?"

मी म्हटलं, "स्टेपलर."

तिने लगेच दिला. आता माझ्याकडे दोन आहेत.