येत्या शुक्रवारची लस

मंगळवार, दि. ११, सकाळी ७

चि. दादूस, अ. आ.

तू पाठवलेल्या पुस्तिकेत पिल्लाला एक लस येत्या शुक्रवारी टोचून झालेली आहे, म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस. शेजारच्या बाई तुमच्या गल्लीतल्या शाळेत शिकवतात, त्यांच्या हाती देते. उत्तरही त्यांच्याच हाती दे.

जनावरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं नोंदवही सांभाळली. या तारखा एकाच बैठकीत लिहिल्यात. रेबीजची लस तर पिल्लू वीस दिवसांचं असताना दिलेली दाखवली आहे. इतक्या लहान पिल्लाला ती कोणी देत नाही. अस्सल लॅब्रेडॉर म्हणून नातीसाठी हौसेने आणलंस, पण पिल्लाची आई पाहिलीस? जागा पाहिलीस? चांगला पैदासकार पिल्लू देण्याआधी आपलीच उलटतपासणी घेतो.

एवढं सरळ सांग : ते कोणाला चावलंय का? मला धडकी भरली आहे.

लोभ आहेच, राग समोर आल्यावर.
ताई

मंगळवार, सकाळी १०॥

ती. ताईस सा. न.

जागा पाहिली नाही. विकणारा पेट्रोल पंपावर पिशवीतून पिल्लू घेऊन आला. आई दाखव म्हटलं, तर म्हणाला, बाळंतपणानंतर विश्रांतीला गेलीय. मी हसलो गं.

कालपासून ते माझ्या शिवणयंत्राखाली बसून आहे. पाणी पुढे केलं की मान फिरवतं, लाळ गळते. परवा त्याने ठमीच्या अंगठ्याला दात लावला. मोहरीएवढं रक्त आलं. मलम लावलं आणि आईला सांगायचं नाही, अशी शपथ घातली पोरीला. तू ओरडशील म्हणून फोन उचलला नाही. पुस्तिका पाहून तू ठीक आहे म्हणशील, अशी आशा होती.

माया कमी करू नकोस, ये.
दादू

मंगळवार, दुपारी २॥

चि. सौ. सूनबाईस, अ. आ.

कारखान्यात तुम्हाला फोन नेऊ देत नाहीत, म्हणून लिहिते. पिल्लू परवा ठमीला चावलं. आता ते आजारी आहे आणि रेबीज नाही, असं कोणीच सांगू शकत नाही. तुझ्या सासऱ्यांनी लपवलं. ठमीने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मी शपथ सोडवली, तेव्हा कुठे अंगठा पुढे केला. साबणाने नळाखाली पंधरा मिनिटं धुतला. उशीर झाला का, हे मी विचारणार तोच डॉक्टर आपणहून म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत.

ठमी सरकारी रुग्णालयात माझ्याजवळ आहे. रजा टाकून ये. जिन्यावरून धावू नकोस.

तुझी,
आत्या

सोपवल्याची नोंद :
पशुवैद्यांकडे, दुपारी १२॥ : पिल्लू, जिवंत, टोपली, खोटी पुस्तिका. दहा दिवस नजरेखाली.
डॉक्टरांकडे, दुपारी १॥ : ठमीचा अंगठा, मग दंड. रडली नाही. पुढच्या सुयांच्या तारखा मागे लिहिल्यात.
तुझ्याकडे : हे पत्र, फाटकावर, तुझ्या सासऱ्यांच्या हातून. त्यांनाच पाठवलंय.