गढीपाड्याची गढी कोणाला

मी, नवसाबाई कोंडाजी थेटे, वय ७३, धंदा शेती, रा. मौजे गढीपाडे, ता. जि. नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण 'म्हातारीचं डोकं फिरलंय' असे म्हणायला माझा मुलगा सनी कमी करणार नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव सनी आणि मुलगी सुवर्णा यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. यावर भांडू नये. भांडायला पुढचे कलम आहे.

२. वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिलेल्या शेतात जुनी गढी आहे. म्हणजे पांढऱ्या मातीचे उंच टेकाड आणि भोवती खंदक. भिंत, बुरूज काही उरलेले नाही. माझे पती कै. कोंडाजी यांनी मोहरांचा हंडा सापडेल म्हणून तीस वर्षे ती खणली. मिळाले काय, तर फुटके जाते, आणि दरड अंगावर येऊन पाय मोडला. त्यांची पहार, कुदळ कोणालाही द्या, पण घरात ठेवू नका.

सनीला तिथे लग्नाचे लॉन्स करायचे आहेत. गेल्या माघात मी मेथी घेऊन पंचवटीच्या बाजारात गेले, तेवढ्यात त्याने जेसीबी आणला. परतले तर खंदक एका बाजूने बुजलेला आणि मशीनसमोर माझी सून दिशा उभी.

"बाजूला हो. नुसती माती आहे ती," सनी म्हणाला.

"असू दे माती. आईंना विचारलंत का?"

त्याने विचारले नव्हते. तो विचारत नाही, सांगतो.

मला तरी गढीचे कुठे कौतुक आहे? तिच्यावर धड काही पिकत नाही, साप तेवढे निघतात. पण मी नऊ वर्षांची असताना पूर आला, तेव्हा सारी वस्ती दोन दिवस तिच्या माथ्यावर बसून वाचली. माझी आई म्हशीचे दावे सोडायला खाली उतरली, ती वर आली नाही. हे इतकी वर्षे मी कोणाला सांगितले नव्हते. दिशाने त्या संध्याकाळी जवळ बसून विचारले, म्हणून तिला सांगितले.

सबब गढी व तिच्याखालचे शेत एकट्या दिशाचे. अट काही नाही. अंमलबजावणी सुवर्णाने करावी, आणि भावाचे ऐकून रडू नये.

सनी खाली गाडीत हॉर्न वाजवतो आहे. सही झाली की त्याला गढीवर नेणार आहे. गुडघ्यांमुळे मला त्याचा हात धरूनच चढावे लागेल. आईचे त्याला तिथे सांगेन.

वाचून घेतले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

नवसाबाई कोंडाजी थेटे

आमच्यासमोर सही केली:
१. महेबूब शेख, वीटभट्टीवाले (यांनी तीनदा गढीची माती मागितली, तीनदा मी नाही म्हटले, तरी सहीला आले)
२. डॉ. सृष्टी बोरस्ते

नाशिक, दि. २७ मार्च २०२५