मुळूक सरांची शिट्टी

१५ जून २०१८, शुक्रवार
शाळा सुरू. ही डायरी दूध संघाने जानेवारीतच वाटली होती, पण लिहिण्यासारखं आजपासून आहे. प्रत्येक पानाखाली म्हशीचं चित्र आहे, तिकडे दुर्लक्ष करायचं.
यंदाचे संकल्प. कबड्डीत जिल्ह्याचा कप. मुलींची खो-खो विभागापर्यंत नेणे. व्हॉलीबॉलची टीम नव्याने उभी करणे. शिवाय स्वतः रोज सकाळी मुलांबरोबर ग्राउंडला राउंड मारणे.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, हे तर मागच्या वर्षीही सांगितलं होतं. मागच्या वर्षी व्हॉलीबॉल नव्हतं.

१६ जून, शनिवार
राउंड मारले नाहीत. शनिवारी चांगल्या कामाला सुरुवात करू नये.

२ जुलै
मोहनरावांनी स्टाफची मीटिंग घेतली. मोहनराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि दूध संघाचे चेअरमन. सगळ्यांदेखत मला म्हणाले, मुळूक सर, इतकी वर्षं शिट्टी वाजवताय, कपाटात एक कप नाही. यंदा जिल्ह्याचा कप आणा, नाहीतर पीटी बंद करून तुम्हाला दुसरं काम लावतो.
हेडमास्तर हसले. ते गणिताचे आहेत, त्यांना खेळातलं काय कळतं.
मी उभं राहून शब्द दिला. आवाज मस्त लागला होता.

६ ऑगस्ट
पाऊस गायब. ग्राउंड फरशीसारखं झालंय. कबड्डीला जमीन भिजवावी लागते, नाहीतर पोरांचे गुडघे सोलून निघतात. टँकरवाल्या म्हाळूला बाजूला घेऊन समजावलं की खेळासाठी थोडं पाणी सोड, पुण्य लागेल. त्याने पाइप ग्राउंडकडे वळवला आणि तेवढ्यात बायनाबाई घागर घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग उरलेलं गाव आलं. मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही.
दुपारभर क्रीडा साहित्याच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. खोली आवरायचीच होती.

२१ ऑगस्ट
आढावा. खो-खोच्या पोरी प्रॅक्टिसच्या वेळेला टँकरच्या लाइनीत असतात. पण तिथेही बसणं, उठणं, एकदम पळणं होतंच. तीच प्रॅक्टिस धरली.
व्हॉलीबॉलचं नेट हेडमास्तरांनी कडबा बांधायला नेलं. टीम पुढच्या वर्षी.
कबड्डी मात्र जोरात. नववीतला गहिनीनाथ म्हणजे वीज आहे. रेडला गेला की दोन-तीन गडी मारल्याशिवाय परत येत नाही. त्याला मी घडवला. म्हणजे घडवतोय.
राउंड सोमवारपासून.

११ सप्टेंबर
परळीला तालुक्याची फायनल. आपण जिंकलो!
एक गालबोट. गहिनीनाथ रेडला गेला, तिघांना शिवून परत निघाला. मला राहवलं नाही, हुरूप यावा म्हणून शिट्टी वाजवली. पोरगा मध्येच थांबला आणि समोरच्यांनी त्याला दाबला. पंचाने पॉइंट त्यांना दिला. मी वाद घातला. पंच म्हणाला, शिट्टी खिशात ठेवा नाहीतर बाहेर जा. मी तत्त्वाचा माणूस. बाहेर गेलो.
तिथून पुढे पोरं अशी खेळली की बोलायची सोय नाही. माझ्या अपमानाचा सूड घेतला लेकरांनी. बाहेर रसवंतीवर बसल्या बसल्या डोळे भरून आले.

१ ऑक्टोबर
जिल्ह्याच्या मॅचेस नऊ तारखेला, बीडला. अडचण अशी की ट्रॅकसूट तयार नाहीत. लाल रंग, छातीवर शाळेचं नाव बारीक, पाठीवर ‘प्रशिक्षक : मुळूक सर’ मोठ्या अक्षरात. शिंपी दसऱ्याशिवाय देत नाही म्हणतो.
ट्रॅकसूटशिवाय गेलो तर कुणाची टीम ते कळणार कसं? जिल्हा क्रीडा कार्यालयाला अर्ज केला. दुष्काळी परिस्थितीमुळे मैदाने कठीण झाली असून खेळाडूंना इजा संभवते, तरी स्पर्धा पुढे ढकलाव्यात. भाषा अशी जमली की दोनदा वाचली.

५ ऑक्टोबर
अर्ज मंजूर! स्पर्धा दिवाळीनंतर, वीस नोव्हेंबरला. जिल्ह्यात आपल्या शब्दाला वजन आहे, हे आज कळलं.
धुळाजीला सांगितलं. धुळाजी आमचा शिपाई, परळीच्या थर्मलची राख आणून ग्राउंडवर लाइनी मारतो. तो म्हणाला, दिवाळीनंतर गावात कोण असतंय सर? या माणसाला चांगलं काही बघवत नाही.

१३ ऑक्टोबर
सर्जेराव मुकादम गावात फिरतोय. ऊसतोडीची टोळी बांधतोय, कोल्हापूरकडचा कारखाना आहे. यंदा शेतात काही नाही, त्यामुळे जाणारे जास्त. माझ्या टीममधल्या बहुतेकांच्या घरची नावं त्यात आहेत.
घाबरायचं कारण नाही. पालकांची मीटिंग घेतली. मारुतीसमोर नारळ ठेवून शपथ घातली की मॅच होईस्तोवर पोरांना नेणार नाही. सगळे हो म्हणाले. गहिनीनाथची आई पारूबाई तर म्हणाली, तुमी म्हणता तसंच करू सर. इतकी समजूतदार माणसं शहरात मिळत नाहीत.
सौ. म्हणाली, मास्तरला तोंडावर नाही कोण म्हणतंय. तिचा स्वभावच शंकेखोर.

१८ ऑक्टोबर, दसरा
ट्रॅकसूट आले. सोनं वाटावं तसे वाटले. पोरांनी जागेवर घातले. गल्लीत जिकडे बघावं तिकडे माझं नाव.

१९ ऑक्टोबर
सकाळी ट्रक भरून टोळी गेली. भांडी, शेळ्या, म्हाताऱ्या, आणि वर लाल ट्रॅकसूटमध्ये माझी टीम. मी शिट्टी वाजवत मागे पळालो. पोरांना वाटलं निरोप द्यायला आलोय. सगळ्यांनी हात हलवले.
पारूबाई ओरडली, “दिवाळी झाल्यावर नेणार होतो सर, पण मुकादम थांबंना!”
आज ग्राउंडच्या जवळजवळ एका राउंडएवढं पळणं झालं. धाप लागली.

२ नोव्हेंबर
खचून जाणारा मी नाही. नवी टीम उभी केली. मागे राहिलेल्यांत हेडमास्तरांचा मुलगा, किराणा दुकानदाराचे दोघे, आणि आठवीतली पोरं. वजनाने चांगली आहेत. पळायचं शिकवलं की झालं.

२० नोव्हेंबर
बीड. पहिल्याच मॅचला हरलो. स्कोअर महत्त्वाचा नाही. हेडमास्तरांचा मुलगा रेडला गेला आणि समोरच्यांशी ओळख निघाली म्हणून तिथेच बोलत बसला. मी शिट्टी भरपूर वाजवली, तरी उपयोग झाला नाही.
परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बसून रडलो. खरं सांगतो, कपाचं नाही वाटलं. गहिनीनाथ असता तर काय झालं असतं, तेच डोळ्यापुढे येत होतं.

२१ नोव्हेंबर
मोहनराव शाळेत आले. ग्राउंडच्या कडेने चालले आणि पावलांनी मोजमाप घेतलं. बहुतेक स्टेडियम बांधायचा विचार असावा.

१० फेब्रुवारी २०१९
डायरी संपली. मागच्या जानेवारीची कोरी पानं होती, त्यांवर लिहितोय.
मोबाइलवर फोटो आला. कारखान्यावर टोळ्यांच्या कबड्डी स्पर्धा झाल्या. माझी पोरं पहिली आली! गुडघ्याएवढा कप. सगळे लाल ट्रॅकसूटमध्ये, मध्ये सर्जेराव मुकादम फेटा बांधून उभा. फोटोखाली नावं दिलीत, त्यात प्रशिक्षक सर्जेराव.
फोटो समोरून काढलाय.

११ फेब्रुवारी
मोहनरावांकडे गेलो. म्हटलं, पोरं आपली, ट्रॅकसूट आपले, पाया मी रचलेला, म्हणजे कप आपलाच. जिल्ह्यापेक्षा मोठा आहे. मोहनराव खूश झाले. म्हणाले, टोळी परत आली की मोठा सत्कार ठेवू.
शेवटी गुणाची कदर होते. भाषण आजपासून लिहायला घेतलं.

५ मार्च
ग्राउंडवर चारा छावणी सुरू झाली, दूध संघामार्फत. गोलपोस्टला बैल, कबड्डीच्या लाइनीवर म्हशी. मोहनराव म्हणाले, पीटीचे तास तूर्त बंद, तुम्ही छावणी सांभाळा, तुम्हाला शिस्तीची सवय आहे. तात्पुरतं आहे. तूर्त हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.
पहिल्या दिवशी गोंधळ. मग शिट्टी काढली. चाऱ्याच्या वेळेला एक लांब, पाण्याला दोन छोट्या.

१४ मार्च
जनावरं शिट्टीला उठतात. आश्चर्य आहे. आता लाइनीतही येतात. पोरांना हे कधी जमलं नव्हतं.

८ एप्रिल
टोळी आली. सत्कार झाला, मोहनरावांच्या हस्ते, सर्जेराव मुकादमाचा. शाल, नारळ, फेटा. कप संस्थेच्या कपाटात गेला. मला बोलावलं होतं. लोक गलका करत होते, त्यांना गप्प करायला शिट्टी वाजवायची होती.
भाषण खिशातच राहिलं.

९ एप्रिल
गहिनीनाथ बैल घेऊन छावणीत आला. काळा पडलाय, उंच झालाय. ट्रॅकसूट पारूबाईने ऊस तोडताना घातला म्हणे, पाल्याने अंग कापतं म्हणून.
सरळच विचारलं, मुकादमाने काय कोचिंग दिलं?
“काईच न्हाई सर. चपलांवर बसून तंबाखू मळायचे. आमी खेळायचो.”
मी वाट बघितली.  बैलाला दावं बांधून झाल्यावर तोच म्हणाला,
“सर, एक इचारू? मॅच चालू असताना तुमी शिट्टी कावून वाजवायचे?”
म्हटलं, हुरूप यावा म्हणून.
“आमाला वाटायचं, थांबा म्हणताय.”
पोरगा रागाने नाही बोलला. हसलाही नाही. जाताना पाया पडला, ते जास्त लागलं.
संध्याकाळी चाऱ्याची वेळ झाली. शिट्टी काढायची नाही असं ठरवून बाजेवर बसून राहिलो. जनावरं बसल्या जागी हंबरत होती, एकही उठेना. धुळाजी दोन वेळा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, वाजवा सर, आता त्यांना दुसरं काही कळत न्हाई.
वाजवली. सगळी उठली. गहिनीनाथचा बैल नवा होता, तो तेवढा बसून राहिला.