आज्जीच्या झाडावरचं पोस्टर

३ ऑक्टोबर
बेल्स क्रीकचं जंगल आता मीच वाचवणार. ठरलं! तेवीस तारखेला हॉलमध्ये मोठी कॉन्सर्ट, तिकिटांचे पैसे कोर्टातल्या वकिलाला. जमीन आमच्या, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींच्या, आज्या-पणज्यांची. तारीख लागेपर्यंत आमची माणसं जंगलाच्या गेटवर तंबू ठोकून बसलीत, म्हणून तर कटाईची मशीनं बाहेर अडकलीत. शेवटचं गाणं मी म्हणणार. दादाचं. दादा मार्चमध्ये गेला. आवाज त्याचा बरा होता, पण गिटार माझीच चांगली. कुणी कधी बोलून दाखवलं नाही इतकंच.

७ ऑक्टोबर
पोस्टरं आली. फर्स्ट क्लास! मधोमध दादा हसतोय, खाली ठळक नाव. डल्सी वहिनीला दाखवलं, तर तिने तोंडच फिरवलं. म्हणाली, अरे, माणूस जाऊन वर्ष नाही झालं. मी बायको असून अजून त्याचं नाव उच्चारत नाही, आणि तू गावभर छापून आणलंस? असं बोलवत राहिलास तर तो जाणार कसा? मी समजावलं, वहिनी, याला पब्लिसिटी म्हणतात. सिडनीत इतकी वर्षं काढलेला माणूस असलं काही मानत नाही. तिने दार लावून घेतलं. विचार करतेय, चांगलं लक्षण आहे.
(वहीत दादाचं नाव लिहिलेलं नाही, ते केवळ घाईमुळे.)

९ ऑक्टोबर
पोस्टरं लावली. दुकान, पेट्रोल पंप, आणि (आयडिया माझी) गेटजवळच्या निलगिरीच्या झाडांवर. सगळ्यात मोठं आज्जीच्या झाडावर. तिचा जन्म त्याच्याच खाली झाला. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे अंकल हॉरेस तंबूच्या दारातून बघत होते. मग खाली मान घालून आत गेले. भारावले असणार.

१२ ऑक्टोबर
परसात कुणीतरी शीळ घालतंय. दादा मला जेवायला बोलवायचा तशी, दोन सूर वर, एक खाली. बाहेर कुणी नाही. लायरबर्ड असेल, तो पक्षी कुणाचीही नक्कल करतो. लायरबर्ड गावात येत नाही म्हणा. पण हवामान बदललंय हल्ली.

१५ ऑक्टोबर
आज भरदुपारी. किटली ठेवली आणि शीळ आली, अगदी खिडकीशी. घाबरलो वगैरे अजिबात नाही. रेडिओ मोठा केला. दाराला खुर्ची टेकवली ती वाऱ्यासाठी.

१८ ऑक्टोबर
कॅम्पवर तंबू कमी दिसले. अंकल हॉरेस गाडीत सामान भरत होते. म्हणाले, पोरा, तू त्याला हाका मारमारून इथे उभा केलायस. त्याच्या समोरून रोज ये-जा करायची आमची छाती नाही. म्हटलं, मग फाडून टाका की! म्हणाले, आम्ही का हात लावायचा? भाऊ तुझा. तू लावलंस, तूच काढ, आणि पाल्याचा धूर दे, म्हणजे तो वाटेला लागेल. मी म्हटलं, कॉन्सर्ट झाली की पहिलं तेच काम.
कॉन्सर्टच्या कपड्यांना इस्त्रीबिस्त्री करायला लवकर घरी चाललेत झालं.

२३ ऑक्टोबर
हॉल खच्चून भरला! सगळे सिडनीचे. पुढची रांग आमच्या लोकांसाठी राखली होती, ती रिकामी. वहिनीही नाही. दादाचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला दाराबाहेरून शीळ. शब्द गेले. पार गेले. लोकांना वाटलं गाणंच तेवढं आहे, उभं राहून टाळ्या. एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

२४ ऑक्टोबर
कॅम्पवर एक तंबू उरला नाही. गेट सताड उघडं. मशीनं पहाटेच आत शिरली.
आज्जीचं झाड आडवं पडलंय. पोस्टर तसंच. दादा चिखलात आडवा पडून हसतोय.
वहिनी माझ्या आधी येऊन उभी होती. अंगातलं जॅकेट काढून तिने त्याच्या चेहऱ्यावर टाकलं. म्हणाली, काढ. पिना निघेनात, नखांनी काढल्या. पाला पेटवला. धूर झाल्यावर म्हणाली, आता सांग त्याला, जा म्हणून. मला बोलवेना. माझा दादा होता तो.
ती गेल्यावर मी कान देऊन बसलो. मशीनं जेवणासाठी थांबली, तेव्हा मीच शीळ घातली. दोन सूर वर, एक खाली.
कुणीच उत्तर दिलं नाही. लायरबर्डनेसुद्धा नाही.