धाकट्यानं अंगावर घेतलेलं

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय आई,

आज सकाळी साडेआठला कंपनीच्या दवाखान्यात माझी तपासणी झाली. वजन, रक्तदाब, डोळे. रक्त परवाच दिलं होतं. साडेदहाला कागद हातात आला, त्यावर 'क्रेन चालवण्यास योग्य' असा शिक्का आहे. अकराला मी वर चढले, पाण्याच्या दोन टाक्या छतावर ठेवल्या आणि एकला खाली उतरले. साहेब म्हणाले, पहिल्या दिवशी एवढं पुरे, घरी जा. आता अडीच वाजलेत. जेवून, भांडी विसळून लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणाल, पहिला दिवस कसला? बारा वर्षं क्रेन चालवतेस की. तेच सांगायचं आहे. गेले सहा महिने मी क्रेनवर नव्हते, गोदामात हेल्मेट आणि हातमोजे वाटत होते. तुम्ही फोनवर विचारायचात, "वर वारा फार आहे का गं?" आणि मी "हो, आहे" म्हणायचे. गोदामात पंखा होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. पण ही एक लपवाछपवी झाली. हिच्या मागे दुसरी आहे आणि ती मोठी आहे. ती कळल्यावर तुम्ही मला पहिल्यासारखं जवळ कराल की नाही, मला ठाऊक नाही. "जेवलीस का" असं विचारणारं तुमच्याशिवाय मला आता कोणी उरलेलं नाही, म्हणून हात अडतोय. पण आज हातात चांगला कागद आहे. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

तुमच्यासमोर मी तुमच्या धाकट्याला 'हे' म्हणायचे. कामावर, वॉकीटॉकीवर, आमचं सरळ अरे-तुरे चालायचं. तो खाली उभा राहून माल कुठे न्यायचा ते सांगणार, मी वर केबिनमध्ये. "अहो, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता का" म्हणेपर्यंत टनभर लोखंड भलतीकडे जायचं. लिहिताना तेच अरे-तुरे येतंय, रागावू नका. तो मला 'वरच्या बाई' म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी एका बावीस मजली इमारतीचं काम चालू होतं. मला चार महिने पाळी आली नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यामुळे उशीर झाला की मला दर वेळी वेडी आशा वाटायची. औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणायची आणि तिच्यावर एकच रेघ यायची. एके दिवशी क्रेनला सळ्यांची मोठी मोळी लटकत होती आणि माझ्या अंगावरून एकदम असं जायला लागलं की खुर्ची भिजली. वर मी एकटी, खाली साठ माणसं, आणि वॉकीटॉकीवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. मोळी तेराव्या मजल्यावर नीट टेकवली. तोवर हात हलू दिला नाही. मग म्हटलं, "मी जरा थांबते." त्यानं विचारलं, "वरच्या बाई, आवाज का बसला?" मी म्हटलं, "काही नाही." माझ्या 'काही नाही'चे सगळे प्रकार त्याला पाठ होते. त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं की वरची मोटर तापली आहे, अर्धा तास क्रेन बंद. आणि स्वतः शिडीच्या तीनशे सोळा पायऱ्या चढून आला. पाठीवरच्या पिशवीत पाणी, त्याचा रेनकोट आणि कँटीनच्या मावशींकडून मागून आणलेले पॅड. खाली उतरले तेव्हा भर उन्हात माझ्या अंगात रेनकोट. फिटर म्हणाला, "काय वहिनी, वर पाऊस पडतो वाटतं?" हा म्हणाला, "मोटर थंड करायला पाणी मारलं, त्यात ती भिजली." आई, तुमचा धाकटा असं धडधडीत खोटं बोलायचा की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

तिथून मला तो डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. अंगातलं रक्त कमी झालं होतं आणि साखर वाढत चालली होती. सोनोग्राफी करून त्या म्हणाल्या, पीसीओएस आहे. म्हणजे अंडाशयात बीजं असतात, पण वेळेवर पिकून बाहेर पडत नाहीत. त्यामुळे पाळी चुकते, आणि येते तेव्हा कधीकधी अशी धो धो येते. शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून वजन पोटावर चढत जातं. मी विचारलं, हे कधी बरं होईल? त्या म्हणाल्या, "बरं होण्याची वाट बघत बसू नका. तुमची क्रेन कधी बरी होते का? रोज तपासता, वंगण घालता आणि चालवता. हेही तसंच." त्या दिवसापासून मला डॉक्टरबाई पटल्या.

माझं रोजचं वागणंच उलटं होतं. खाली उतरायला नको म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. भूक लागली की दोरीला पिशवी बांधून वर आलेली बिस्किटं आणि ढीगभर साखरेचा चहा. आठ तास खुर्चीवर. वजन वाढतंय म्हणून रात्री उपास आणि सकाळी पुन्हा तीच बिस्किटं. ते सगळं हळूहळू मोडलं. डब्यात डाळ, भाजी, दोन उकडलेली अंडी. दुपारी खाली उतरून जेवायचं. गोळी जेवणानंतरच, कारण उपाशीपोटी घेतली की पोट ढवळतं. पहिले तीन महिने वजनाचा काटा ढिम्म हलला नाही. हा म्हणायचा, "काट्यालाच काहीतरी झालंय, वरून खाली टाकून बघ." चौथ्या महिन्यात पाळी आपणहून आली. मी वरून सांगितलं, "मोटर सुरू झाली." खाली तो एकटाच हसत सुटला. बाकीचे विचारत होते, अरे पण बंद कधी होती?

मग गेल्या वर्षी जूनमध्ये तो गेला. त्या सकाळचं तुम्हाला मी काय सांगणार? बूट घालता घालता डोकं धरून बसला तो बसलाच. त्यानंतर मी गोळ्या बंद केल्या असं नाही, घ्यायच्या राहून गेल्या. एका माणसाचा डबा करवत नव्हता. पुन्हा चहा-बिस्किटं आली. वॉकीटॉकीवर दुसऱ्या कोणाचा तरी आवाज यायचा आणि मी दर वेळी क्षणभर गोंधळायचे. पाच महिने पाळी आली नाही, तर मला बरंच वाटलं, तेवढंच एक काम कमी. चौदा किलो वजन वाढलं. एप्रिलच्या तपासणीत साखर वर, रक्तदाब वर, आणि कागदावर 'अयोग्य'. साहेब म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीच जमलं तर गोदाम आहेच.

गोदामात पहिला आठवडा मला आवडला. कोणी बोलायला यायचं नाही. मग एका दुपारी खिडकीतून माझी क्रेन फिरताना दिसली. चालवणारा माल ठेवताना झोका देत होता. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अरे, हळू!" आजूबाजूला फक्त हेल्मेटं. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरबाईंकडे गेले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "डबा कोण करतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग तिथून सुरू करू," त्या म्हणाल्या.

डबा सुरू केला. गोळ्या सुरू केल्या. काम सुटलं की अर्धवट बांधलेल्या इमारतीचे जिने चढायला लागले. आधी तिसऱ्या मजल्यावरच भिंतीला टेकून उभी राहायचे. कँटीनच्या मावशी रोज विचारायच्या, "आज कुठवर पोचली स्वारी?" जूनमध्ये सातवा मजला झाला, ऑगस्टमध्ये पंधरावा. मधे दोन आठवडे पुन्हा सगळं सुटलं, कारण जूनमध्ये तो गेला ती तारीख आली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन आठवडे म्हणजे दोनच आठवडे, पुढे चला. जुलैत पाळी गोळ्यांनी आणली, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ती स्वतःच्या पायांनी आली. नऊ किलो उतरलेत. उरलेले राहिले तरी चालतील, साखर आणि रक्तदाब जागेवर आहेत.

आज शिडी चढून वर पोचले तर नवे सिग्नलवाले मामा वॉकीटॉकीवर म्हणतात, "मॅडम, तुम्हाला धाप लागलेली ऐकू येत नाही. अजून खालीच आहात का?" मी म्हटलं, मान वर करा, हात हलवतेय ती मीच. पहिली टाकी इतकी अलगद ठेवली की ते म्हणाले, "टेकली का? कळलंच नाही, पुन्हा उचलून ठेवता का?" खाली फिटरनं कठड्यावर हेल्मेट वाजवलं, मग बाकीच्यांनीही वाजवलं. मी वर एकटी बसून हसत होते आणि रडतही होते. पण दुसरी टाकीही तशीच ठेवली, आई. तसूभर झोका दिला नाही.

आता ती दुसरी गोष्ट. माझा आजार कळला तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याचीही तपासणी करवली होती. त्याच्यात काहीही कमी नव्हतं. मूल होत नव्हतं ते माझ्या या आजारामुळे. त्यावरही उपाय होते. साखर खाली आली की गोळ्या देऊ, बऱ्याच जणींना मूल होतं, असं त्या म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षी जुलैत त्या सुरू करायच्या ठरल्या होत्या, पण जूनमध्येच तो गेला. तर निदान झालं त्याच सुमारास आपण सगळे थोरल्या भावजींकडे जमलो होतो. जाऊबाई म्हणाल्या, "दिवसभर लोखंडावर चढून बसल्यावर पाळणा कसा हलायचा?" आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ताटं उचलून आत गेले. आतून ऐकलं, तो म्हणाला, "आई, दोष माझ्यात आहे. तिला कोणी काही बोलायचं नाही." मोटर तापली म्हणाला होता, अगदी त्याच आवाजात. बाहेर येऊन हे खोटं आहे म्हणायला चार पावलं पुरे होती. मी ताटं धरून उभी राहिले. त्यानंतर तुम्ही मला एकही उणा शब्द बोलला नाहीत. माझ्या मापाचा स्वेटर विणलात, वर थंडी असते म्हणून. ती सगळी माया मी गुपचूप घेत राहिले. खरं सांगून टाकू, असं मी त्याला दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "मूल झालं की सांगू. तेव्हा आईला ऐकायला वेळ कुठे असणार!"

परवा जाऊबाईंचा फोन आला. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की, दर महिन्याला रक्तदाब दाखवायला गेलात की तुम्ही डॉक्टरांना एकच विचारता. "अकराव्या वर्षी धाकट्याला गालगुंड झालं होतं, मी कारखान्यातून रजा काढली नाही, घरीच लेप लावत राहिले, त्यामुळेच त्याला मूल झालं नसेल ना?" आई, हे मला माहीत नव्हतं. त्यानं मला वाचवायला एक वाक्य बोलून टाकलं आणि ते तुमच्या उरावर येऊन बसलं, हे त्यालाही माहीत नव्हतं. नाही आई, तुमच्या लेपानं काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. त्याच्या रिपोर्टची प्रत सोबत ठेवली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका, ती तुमच्या त्या डॉक्टरांनाच दाखवा. मी 'माझा दोष' असं लिहिलेलं नाही, बघा. तो आजार आहे आणि मी तो रोज चालवते. पण गप्प राहिले तो दोष माझाच, त्यासाठी हवं तेवढं रागवा. रविवारी सकाळी मी फोन करीन. नाही उचललात तर त्याच्या पुढच्या रविवारी करीन. आता पाकीट बंद करते. ऊन अजून खिडकीत आहे, तोवर आरसा तिथे टेकवून हनुवटीवरचे चार केस चिमट्यानं काढून घेते. या आजारात ते येतातच. उद्या सहाला चढायचं आहे.

तुमचीच,
सूनबाई