नागव्वाचा अंगठा

आइंडहोवन, हॉलंड
ता. ४ फेब्रुवारी १९८१

तीर्थरूप गं. भा. आईस बळीरामचा शि. सा. न. वि. वि.

जर्मनीतून इकडे आल्यापासून राहण्याच्या परवान्यासाठी कचेरीत खेपा घालतोय. जन्माचा दाखला दिला, तर त्यात आईचं नाव नागव्वा. पासपोर्टातली विमलबाई कोण, असं कारकुनानं विचारलं. माझ्याआधीची तुझी दोन लेकरं गेली, म्हणून मला मूठभर ज्वारीला शेजारच्या अव्वाला विकलंस, आणि मरणाला पत्ता लागू नये म्हणून अप्पांनी नोंदही तिच्याच नावानं केली, हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. मार्चअखेर कोर्टाचा कागद आणा, नाहीतर परत जा म्हणाला. जर्मनीतली नोकरी तर सोडून आलोय. अव्वाचा जबाब लागेल. तिला विचारायची लाज वाटते, म्हणून तुझ्यावर टाकतोय. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा बळीराम

खजुरी
ता. २ मार्च १९८१

चि. बळीरामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोराच्या कामाला अंगठा पाहिजे, एवढंच सांगून अव्वाला आळंदला वकिलाकडं नेलं. ती नवं लुगडं नेसून आली. तुला शेंगाचटणी कुणाबरोबर धाडता येईल, हेच बसमध्ये विचारत होती. वकिलानं तिच्या जबाबाचा कागद वाचून दाखवला. बळीराम माझ्या पोटचा नाही, नोंद चुकीची आहे, त्याच्याशी माझं काही नातं नाही. पोटचा न्हाई हे खरं, पण नातं न्हाई असं कामून लिवायलास, असं तिनं विचारलं. तसंच लिहावं लागतं, वकील म्हणाला. मी बोलायला पाहिजे होतं. तुझ्या नोकरीकडं बघून गप्प बसले. तिनं अंगठा दिला आणि शाई नव्या पदराला पुसली.

कागद रजिस्टरनं धाडलाय. प्रकृतीला जप.

आई

आइंडहोवन
ता. ३० मार्च १९८१

ती. आईस शि. सा. न.

परवाना मिळाला. कारकुनानं पहिली दोनच वाक्यं विचारात घेतली. नात्याचं वाक्य कामाचं नव्हतं, लिहिलं नसतं तरी चाललं असतं म्हणाला. अव्वाला साखर दे. काय सांगून देशील, ते तूच ठरव.

बळीराम

खजुरी
ता. १७ एप्रिल १९८१

चि. बळीरामास आशीर्वाद.

परवाना मिळाल्याचं अव्वाला वाचून दाखवलं. नात्याच्या वाक्याचं गाळलं. साखर तिनं घेतली, बरं झालं म्हणाली. आजवर पोस्टमन दिसला की ती ओट्यावरून ओरडायची, विमल, आपल्या बळीचं पत्र आलंय गं. तुझं परवान्याचं पत्रही तिनंच आणून दिलं होतं. विमलबाई, तुमच्या मुलाचं पत्र आहे म्हणाली, आणि आत न येता गेली.

तुझी आई